टेकडीवरचा गारवा

१८ सप्टेंबर २०२३

ह्यांनी आज बजावून सांगितलं की रोज काय घडतं ते लिहून ठेव. पुढं पाहुणे यायला लागले की विचारतील, टेंभुर्णीच्या माळावर वाईन करायचं कुणाच्या डोक्यात आलं, कसं जमवलं. त्यातली चार पानं चांगल्या अक्षरात काढून दर्शनी भिंतीवर लावायची म्हणे. मी हो म्हणाले. पण भिंतीवर लावायचं ते मी वेगळ्या कागदावर लिहीन. ही वही माझी, दैवशालाची.

हे म्हणजे मीनाचे बाबा, कल्याण. वहीतसुद्धा नाव लिहिताना हात अडखळतो. यांचं सगळं आयुष्य नाशिककडं वाईनच्या कारखान्यात गेलं, केमिस्ट म्हणून. एकदा कारखान्यानं यांना सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं. तिथून येताना माझ्यासाठी स्वेटर आणलं आणि स्वतःसाठी एक खूळ. द्राक्षाला रात्रीची थंडी लागली की त्याचा वास टिकतो, आणि तसली थंडी आपल्या टेकडीवर पडते. बुलडाण्याच्या घाटाकडून वारं येतं, हिवाळ्यात दोन गोधड्या पुरत नाहीत हे खरं. पण जालना जिल्ह्यात थंड हवेची वाईन, असं म्हटलं की माणसं आधी हसतात, मग यांच्या तोंडाकडं बघून गप्प बसतात.

नोकरी सोडून आम्ही इथं राहायला आलो. टेकडीच्या उत्तरेच्या उताराला वेली लावल्या, त्या आता धरल्या आहेत. वर टाक्यांची खोली झाली. खाली उतारावर दगडी पायऱ्यांचा कट्टा बांधणं चालू आहे. हिवाळ्यात तिथं भारूड, कव्वाली, गोंधळ, कवींची बैठक असं सगळं करायचं. लोकांनी यावं, बाग बघावी, गाणं ऐकावं, पेला घेऊन गप्पा माराव्यात. जागेला नाव दिलंय गारवा. गावात म्हणतात दारूचा कारखाना. माझा भाऊ माळकरी आहे, तो यायचा बंद झाला. मी अजून एक थेंब चाखलेला नाही. यांनी कधी म्हटलंही नाही.

६ ऑक्टोबर

छाटणी सुरू झाली. बागेचं सगळं इस्माईलभाई बघतात. त्यांची स्वतःची बाग आमच्या बांधाला लागून आहे. हे आणि ते टेंभुर्णीच्या शाळेत एका बाकावर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी यांना सांगितलं होतं, ‘‘अंगूरापर्यंत मी तुझ्यासंगं. त्या खोलीच्या आत मी येणार न्हाई.’’ यांनी मान डोलावली, तो विषय तिथंच संपला. त्यांची बायको रहिमुन्निसा रोज दुपारी माझ्याकडं येऊन बसते. तिला बोलायला लागतं आणि मला ऐकायला.

झोपेत यांनी परवा मला लाथ मारली. मांडीवर काळंनिळं झालंय. कुणाशी तरी मारामारी चालू असते स्वप्नात, ओरडतात, हात उगारतात. सकाळी विचारलं तर काही आठवत नाही. आधी महिन्या-दोन महिन्यांनी व्हायचं, आता सारखं. मी माझी खाट दुसऱ्या खोलीत टाकली. वाटलं होतं, नको म्हणतील. काही म्हणाले नाहीत.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

मीना पुण्याहून चार दिवस आली होती, आज गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलंय.

परवा मी तुळशीपाशी होते. गॅसवर दूध ठेवलेलं. आत आले तर दूध उतू जाऊन, आटून, करपून पातेलं लाल झालेलं. घरभर वास. आणि हे स्वयंपाकघराच्या दाराशीच पेपर वाचत बसलेले. मी बोलले जरा जास्तच. म्हटलं, माणूस आहात का खांब. म्हणाले, लक्ष नव्हतं. एवढंच. आधी असं काही झालं की आपली चूक हसण्यावारी न्यायचे, मलाही हसवायचे.

मीनानं फोटो काढताना यांना दोनदा सांगितलं, बाबा हसा ना. म्हणाले, ‘‘हसूनच राह्यलोय.’’ फोटोत तर चेहरा दगडासारखा आहे. जाताना मीना मला बाजूला घेऊन म्हणाली, आई, चालताना बाबांचा उजवा हात हलत का नाही? मी म्हटलं, डोक्यावर एवढा पसारा घेतलेला माणूस हात झुलवत चालेल का. तिला पटलं असावं.

मला मात्र वाटतं, यांना माझा कंटाळा आलाय. इथं येऊन मी खूश नाही असं त्यांना वाटतं का? मी तसं कधी बोलले नाही.

२४ डिसेंबर

काय थंडी. पहाटे हे बागेत जाऊन थर्मामीटर बघून आले आणि आकडा सांगताना आवाज कापत होता, थंडीनं की आनंदानं कळेना. तोंडातून वाफ निघत होती. म्हणाले, ‘‘बघ, म्हणालो होतो ना.’’ लई दिवसांनी असं बोलले.

कट्टा पुरा झाला. दगड घडवून बराबर बसवलेत. वरच्या पायरीवर बसलं की खाली बाग, पलीकडं गाव आणि त्याच्या मागं घाटाची निळी रेघ दिसते.

इस्माईलभाई म्हणाले, ‘‘भाभी, कल्याण आजकाल चप्पल घासून चालून राह्यला.’’ मी टेंभुर्णीच्या बाजारातून नवीन चप्पल आणली. तीही घासतेच.

१० फेब्रुवारी २०२४

आज तोडणी. हा दिवस मला भिंतीवर लावायलाही चालेल.

उजाडायच्या आत गावातल्या बाया आल्या. स्वेटरवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ. ऊन चढायच्या आत घड तोडून वर न्यायचे, नाहीतर वास उडतो असं हे म्हणतात. तोडता तोडता एकीनं ओवी धरली, दुसरीनं उचलली, मग सगळ्या बागेतून येऊ लागली. माझ्याही तोंडून निघाली. क्रेट भरभरून वर जात होते. इस्माईलभाई ट्रॉलीपाशी उभे राहून एक एक क्रेट डोळ्यांखालून घालत होते, आणि खोलीच्या दारापाशी आले की तिथूनच मागं फिरत होते.

यांनी पहिल्या क्रेटमधला एक घड हातात घेतला, दोन मणी चिरडले आणि नाकापाशी धरले. डोळे मिटले. इतका वेळ तसेच उभे राहिले की बायांनी गाणं थांबवलं. मग घड हळूच परत ठेवला आणि कुणाकडं न बघता आत गेले. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. या एका दिवसासाठी माणसानं सगळं सोडलं.

१६ फेब्रुवारी

आज एक नवलच झालं. यांनी मला टाक्यांच्या खोलीत बोलावलं. टाकीत रस आंबतोय, बारीक बारीक बुडबुडे येतायत. नळातून पेल्यात थोडा काढला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाले, पिऊ नको, फक्त वास घे. काय येतंय सांग.

मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं.

‘‘तुला जे वाटंल ते सांग. चूक-बरोबर काही नसतं.’’

मी पेला नाकाला लावला. आधी नुसती झिणझिणी आली. मग म्हटलं, कच्चा पेरू फोडल्यावर येतो तसा. आणि कढईत तूप घालायच्या आधी वेलदोडा कुटतो ना, त्याच्या सालीसारखा. थोडा. यांनी ते टाकीवरच्या पाटीवर लिहून घेतलं. अक्षर किती बारीक झालंय यांचं, मुंगीएवढं. मी म्हटलं, पाटीवर लिहिताना कागद वाचवायची सवय कशाला. हसले नाहीत.

१९ फेब्रुवारी

रोज बोलावतात आता. नाश्ता झाला की मी पदर खोचून वर जाते. पेरू अजून आहे. आज त्यात लिंबाच्या पानाचा वास होता, पान चुरगळल्यावर येतो तो. मी बोलत असते आणि हे डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं बघत असतात. एवढं लक्ष देऊन यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं. साडी बदलून जावंसं वाटतं. या वयात. रहिमुन्निसाला सांगितलं तर तिनं तोंडाला ओढणी लावून हसून घेतलं.

२३ फेब्रुवारी

आज वास बदलला. पेला नाकाशी नेला आणि माझं तोंड आपोआप वाकडं झालं. आमच्या माहेरी उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचे, तो काळा चिखल वर आला की जसा सुटायचा, तसा. कुजका. मी म्हटलं, आज वेगळा आहे.

‘‘वेगळा म्हणजे? चांगला ना?’’

त्यांच्या नजरेत असं काही होतं की मला पुढं बोलवेना. लहान पोर निकालाचा कागद तुमच्या हातात देऊन उभं राहतं तसं. आणि मला वाईनमधलं कळतं काय? आंबताना सगळ्यालाच वास सुटतो, इडलीच्या पिठालासुद्धा. मी म्हटलं, चांगलाच आहे.

बाहेर आल्यावर मच्छिंद्रला विचारलं. तो टाक्या धुतो, नळ्या जोडतो. तो म्हणाला, ‘‘काकू, मलाबी आला. पण दारू म्हटल्यावर वास येणारच. साहेब बघून राह्यलेत ना.’’

खरं आहे. साहेब बघतायत.

२८ फेब्रुवारी

त्या दिवसानंतर बोलावलं नाही. मी दोनदा पदर खोचून दारापर्यंत गेले. हे पाठमोरे टाकीपाशी बसलेले. ‘‘आता गरज न्हाई,’’ म्हणाले. माझं काय चुकलं, कळत नाही.

१९ एप्रिल

मी आता त्या खोलीत जात नाही, पण वाऱ्याबरोबर वरून वास येतो. कांद्याचं पोतं आतून सडलं की येतो तसा. मच्छिंद्र तोंडाला गमछा बांधून काम करतो. लॅबचा रिपोर्ट आला, आंबटपणा, अल्कोहोल सगळं बराबर आहे, हे म्हणाले. मग ठीक असेल. लॅबवाल्यांना कळत नसेल का.

यांचा आवाज फार बारीक झालाय. फोनवर समोरचा माणूस सारखा काय काय म्हणतो. मी म्हटलं, जोरात बोला की. म्हणाले, ‘‘जोरातच बोलून राह्यलो.’’ मग बोलणंच बंद केलं.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आरतीला यांचं तोंड हलत होतं, शब्द ऐकू आले नाहीत.

बाटल्या भरून झाल्या. हिरव्या काचेच्या, वर टेकडीचं चित्र आणि गारवा असं नाव. ओळीत लावल्यावर इतक्या देखण्या दिसतात. डिसेंबरात उद्‌घाटन. यांचे नाशिकचे जुने सोबती राधेश्याम येणार आहेत. मूळचे जालन्याचेच. वाईनमधला त्यांचा शब्द सगळीकडं मानतात. इस्माईलभाईंनी जाफराबादच्या कव्वालांना सांगून ठेवलंय, मी भारुडाची पार्टी ठरवली आहे. कट्ट्यावर दिवे लावायचे. मीना रजा घेऊन येते म्हणाली.

१४ डिसेंबर

सगळं लिहीन. हात थांबला तरी लिहीन.

राधेश्याम दुपारीच आले. गाडीतून उतरताच टेकडीकडं बघून म्हणाले, कल्याण, जागा काय निवडलीस. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. म्हणजे ते पडले, यांचे हात खालीच राहिले. कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून हे त्यांना वर टाक्यांच्या खोलीत घेऊन गेले. मी चहा घेऊन मागून गेले.

मी दारात पोचले तोवर राधेश्याम यांनी बाटली उघडली होती. पेला नाकाशी नेला, खाली केला. परत नेला. मग दुसरी बाटली उघडायला सांगितली. मग तिसरी. पेला टेबलावर ठेवून बोटं पुसत राहिले, जणू पेल्याला नाही, हातालाच काही लागलंय.

‘‘कल्याण,’’ ते म्हणाले, ‘‘हा कुजका वास तर रस आंबतानाच आला असंल.’’

हे खिडकीपाशी गेले.

‘‘थोडी हवा दिली असती तरी निघून गेला असता. पोरंसुद्धा शिकतात हे. आणि तू तर मला शिकवलंस. आता बसला तो आत. आता निघायचा न्हाई.’’ मग अगदी हळू विचारलं, ‘‘तू वास घेतला नव्हता का?’’

मला वाटलं, हे आता रागावतील. हे खिडकीतून बागेकडं बघत होते. म्हणाले, ‘‘मला वास येत न्हाई, राधेश्याम. नाशिकला असतानाच गेला. सगळा.’’

मी चहाचे कप उंबऱ्यापाशीच खाली ठेवले.

राधेश्याम खुर्चीवर बसले. म्हणाले, मग इथं कशाला आलास रे. हे म्हणाले, वाटलं, गावची हवा लागली की येईल परत. थंडी पडली की येईल. पहिला घड तोडला की येईल.

पुढचं एवढंच, की लोक आले. गाड्या खाली रस्त्यापर्यंत लागल्या. जालना, देऊळगाव राजा, संभाजीनगर, कुठून कुठून. बाटल्या कुणाला दिल्या नाहीत. राधेश्याम यांनीच उभं राहून सांगितलं की वाईन अजून मुरायची आहे, आज गारवा चहावर साजरा करू. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मी आणि रहिमुन्निसानं पातेल्यानं चहा केला. भारूड रंगलं. कव्वालीला इस्माईलभाई मागच्या पायरीवर बसून डोळे पुसत होते, त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. हे पहिल्या पायरीवर, हात मांडीवर, चेहरा दगड. माझ्या शेजारून जाताना एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, मालकाला केवढा गर्व आहे, साधं हसतसुद्धा नाही.

१५ डिसेंबर

सकाळी यांच्यापुढं बसले. मीना बाजूच्या खोलीत होती, दार लोटून घेतलं तिनं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाले, स्वयंपाक्याचे हात तुटले तर तो कुणाला सांगेल. मी म्हटलं, बायकोला.

मग मी सांगितलं, त्या दिवशी पेल्याला गाळाचा वास होता आणि मी चांगलाच म्हणाले. मला वाटलं, हे आता तरी ओरडतील. यांनी माझ्याकडं बघितलं.

‘‘मला कळलं होतं. तुझं तोंड वाकडं झाल्तं. मी बघितलं होतं.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग तू चांगला म्हणालीस. मी तेच धरून बसलो.’’

त्यानंतर का बोलावलं नाही ते आता कळलं. मी परत गेले असते तर माझं तोंड परत वाकडं झालं असतं.

९ जानेवारी २०२५

मीनाच्याच हट्टानं संभाजीनगरला डॉक्टरकडं गेलो. तिनं सगळं इंटरनेटवर वाचलंय आणि मला काही सांगत नाही. डॉक्टर बाई तरुण होत्या. यांना चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. ओळ सुरू झाली तेव्हा अक्षर बरं होतं, शेवटाला पोचेपर्यंत मुंग्या झाल्या. मग माझ्याकडं वळून एक एक विचारत गेल्या. झोपेत लाथा मारतात का? ओरडतात का? चेहऱ्यावर हसू कमी झालंय का? आवाज बारीक झालाय? पाय घासतात? पोट साफ होत नाही? वास कधीपासून येत नाही?

मी हो म्हणत गेले. प्रत्येक हो बरोबर मला ते ते दिवस दिसत होते. लाथ बसली म्हणून मी खाट हलवली. हसले नाहीत म्हणून रुसले. हळू बोलले म्हणून टाकून बोलले. मला वाटलं होतं, माणूस माझ्यावर नाराज आहे.

पार्किन्सन म्हणाल्या. आपल्याकडं कंपवात म्हणतात, पण यांना कंप अजून नाही म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. वास जातो तो कधी कधी सगळ्यात आधी, बाकीचं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. गोळ्यांनी चालणं सुधारेल. ह्यांनी एकच विचारलं, वास येईल का परत? डॉक्टर बाईंनी खोटं सांगितलं नाही.

येताना गाडीत यांनी माझा हात धरला. हात गार होता.

२८ जानेवारी

आज वाईन ओतली. सरकारी माणसासमोर ओतावी लागते, तो सकाळी आला. मच्छिंद्र बाटल्या फोडायला निघाला होता, मी म्हटलं, फोडू नकोस, उघडून ओत. काचेचा आवाज मला सहन झाला नसता.

हे खालून चालत वर आले. गोळ्यांमुळं पाय जरा उचलतात. पण खोलीच्या दारात आले आणि थांबले. उंबऱ्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे. शरीर पुढं जायचं म्हणतंय आणि पाय ऐकत नाहीत. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, दारात असं होऊ शकतं. मी मागं होते, मच्छिंद्र आत पंपापाशी, सरकारी माणूस घड्याळ बघतोय. यांच्या मानेवरून घाम निथळत होता. त्या थंडीत.

इस्माईलभाई बागेतून बघत होते. ते वर आले. दारापाशी आले, चप्पल काढली, आणि आत गेले. आतून वळून यांच्यासमोर उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले.

‘‘चल, कल्याण. माझ्या पायावर पाय दे.’’

यांनी पाय उचलला. दोघं तसेच, शाळेतली पोरं खेळतात तसे, टाकीपर्यंत गेले. सगळं ओतून होईपर्यंत इस्माईलभाई त्या वासात यांचा हात धरून उभे होते. मी रहिमुन्निसाला सांगितलं. ती म्हणाली, अल्ला जाणतो, ते दारूसाठी गेले न्हाईत.

संध्याकाळपर्यंत माती ओली होती. टेकडीभर सडक्या कांद्याचा वास होता. सगळी माणसं नाकाला पदर, रुमाल लावून जात होती. एक हेच उघड्या चेहऱ्यानं बसले होते.

१६ फेब्रुवारी

यंदाची तोडणी झाली. द्राक्षं नाशिकला गेली, राधेश्याम यांनी ओळखीच्या कारखान्यात लावून दिली. टाक्या धुऊन झाकून ठेवल्यात. कट्ट्यावर महिन्यातून एकदा कार्यक्रम करू असं मीना म्हणते. बघू. टेंभुर्णीच्या शाळेनं सहलीसाठी विचारलंय.

शेवटची गाडी उताराला लागली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आम्ही दोघं कट्ट्याच्या वरच्या पायरीवर बसलो. यांनी विचारलं, द्राक्षाला कसला वास होता यंदा. मी म्हटलं, पेरू होताच, पण मागच्या वर्षीपेक्षा जास्त. आणि पाऊस पडून गेल्यावर तुरीचं ओलं पान असतं तसं काहीतरी. यांनी मान हलवली. म्हणाले, मग चांगली झाली असती.

बागेकडं बघतच, त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, ‘‘द्राक्षाचा वास मला अजून आठवतो. डांबराचा, दुधाचा, मीना लहान होती तिच्या टाळूचाही. तुझा आठवत न्हाई.’’

मी त्यांच्याकडं वळले.

‘‘रोज जवळच होता, म्हणून ध्यानात ठेवला न्हाई. कसा होता गं?’’

स्वतःचा वास कुणाला येतो? मी पदराचं टोक नाकाला लावून बघितलं. काहीच आलं नाही.

१८ फेब्रुवारी

रहिमुन्निसाला विचारलं. आधी ती हसली, तिला वाटलं चेष्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडं बघून जवळ सरकली, माझ्या खांद्याशी नाक नेलं आणि तशीच थांबली. शिकेकाईचा येतो म्हणाली. उन्हात वाळलेल्या सुती लुगड्याचा. मेथी निवडलेल्या हाताचा. और थोडा पसीना, दैवशाला, सच्ची बोलती हूं.

मी घरी आले. हे ओसरीवर होते. आजवर लाजत आले ते सगळं सांगितलं, एक एक करून. शिकेकाई, लुगडं, मेथी, घाम. यांनी डोळे मिटून घेतले आणि पेल्यातल्या रसाचं ऐकायचे तेवढंच लक्ष देऊन ऐकलं.

मग मान हलवली. ‘‘न्हाई. त्याच्यात आणखी काहीतरी होतं.’’

‘‘काय होतं?’’

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटलेलेच होते. भाकरी टाकायची वेळ झाली होती, पण मी उठले नाही. त्यांच्या शेजारी, अगदी जवळ सरकून बसले. ते आठवत होते.